मैदान साधं, तरी संघ अव्वल: चांगले खेळाडू तिथे येतात कसे?

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा पाहिलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. एका शाळेकडे हिरवंगार मैदान, बसायला पायऱ्या, साहित्याने भरलेली खोली. दुसऱ्या शाळेची मुलं गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत सराव करून आलेली. करंडक मात्र दुसरीच शाळा नेते आणि वर्षानुवर्षं नेत राहते. "पोरांत जिद्द आहे," असं म्हणून आपण पुढे जातो. जिद्द असतेच, पण तिने कोडं अर्धंच सुटतं. चांगले खेळाडू मुळात त्या साध्या जागी जमा कसे होतात? ज्याच्यापुढे दोन-तीन पर्याय आहेत, असा खेळाडू सुसज्ज संकुल सोडून जुन्या जिमकडे का वळतो?

हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या कॉलेजांकडे पाहावं. खेळाडू मिळवण्यासाठी तिथे सामन्यांइतकीच चुरस असते आणि ती सगळी उघड्यावर चालते.

१७ मार्च २०२२ रोजी पुरुषांच्या राष्ट्रीय कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेत केंटकी विद्यापीठाची गाठ सेंट पीटर्सशी पडली. केंटकीच्या नावावर आठ राष्ट्रीय विजेतेपदं आणि त्यांच्या घरच्या सभागृहात २० हजारांहून जास्त प्रेक्षक बसतात. सेंट पीटर्स हे न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीचं छोटं जेझुइट विद्यापीठ. आदल्याच वर्षी डागडुजी झालेल्या त्यांच्या जिममध्ये बसतात सुमारे ३,२०० माणसं. बास्केटबॉलवरचा केंटकीचा वार्षिक खर्च सेंट पीटर्सच्या दहापटीहून जास्त होता. या स्पर्धेत चार विभाग असतात आणि प्रत्येक विभागात संघांना १ ते १६ असं मानांकन मिळतं. केंटकी दुसरं होतं, सेंट पीटर्स पंधरावं. जादा वेळेपर्यंत गेलेला तो सामना सेंट पीटर्सने ८५-७९ असा जिंकला. मग त्यांनी मरी स्टेटला हरवलं, त्यानंतर पर्ड्यूला. पंधराव्या मानांकनाचा संघ त्याआधी कधीही शेवटच्या आठांत पोहोचला नव्हता.

एखादा सामना नशिबाने जिंकता येतो, सलग तीन जिंकायला खेळाडूच लागतात. प्रशिक्षक शाहीन हॉलोवे यांनी ते बहुतांशी न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीच्या पट्ट्यातून गोळा केले होते. मोठ्या विद्यापीठांची नजर त्यांच्यातल्या बहुतेकांवर पडली नव्हती.

खेळाडू "आणावे" का लागतात?

आपल्याकडे मुलगा आधी कॉलेजात प्रवेश घेतो आणि मग संघाच्या चाचणीला जातो. अमेरिकेत मोठ्या स्पर्धांच्या पातळीवर हा क्रम उलटा असतो. मुलगी बारावीच्या आधीपासूनच प्रशिक्षकांच्या वहीत असते आणि प्रवेशाची बोलणी खेळापासून सुरू होतात.

या कारभाराची मुख्य संस्था म्हणजे नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, थोडक्यात एनसीएए. तिची सुरुवात १९०६ मध्ये झाली. आज सुमारे ११०० कॉलेजं आणि विद्यापीठं तिची सदस्य आहेत. त्यांचे तीन गट आहेत. पहिल्या दोन गटांत खेळाच्या बळावर शिष्यवृत्ती देता येते, तिसऱ्या गटात देता येत नाही. अमेरिकेतली फी पाहता पूर्ण शिष्यवृत्ती म्हणजे शिक्षण, राहणं आणि जेवण यांची मोठी चिंता मिटणं. ती फार थोड्यांच्या वाट्याला येते.

प्रशिक्षक शाळांचे सामने पाहत फिरतात, व्हिडिओ मागवतात, फोन करतात, घरी जाऊन आईवडिलांना भेटतात. शेवटी खेळाडूला कॉलेज पाहायला बोलावलं जातं. कॉलेजच्या खर्चाने होणाऱ्या या भेटीला तिथे "ऑफिशियल व्हिजिट" म्हणतात. ती साधारण दोन दिवसांची असते. त्या दोन दिवसांत जुन्या जिमच्या कॉलेजची खरी परीक्षा होते.

पैसा इमारतींकडे का वाहिला?

मोठ्या कॉलेजांनी गेल्या काही दशकांत खेळाच्या इमारतींवर अफाट खर्च केला. दक्षिण कॅरोलायनातल्या क्लेमसन विद्यापीठाने २०१७ मध्ये फुटबॉल संघासाठी ५.५ कोटी डॉलरचं संकुल उघडलं. त्यात व्यायामशाळा आहेच, शिवाय बोलिंगची जागा, छोटं गोल्फ आणि एका मजल्यावरून खालच्या मजल्यावर यायला घसरगुंडीही आहे. घसरगुंडीने कुणाचा खेळ सुधारत नाही. तरी अनुभवी माणसं त्यावर पैसा का घालतात?

उत्तर नियमांत आहे. कॉलेजच्या खेळाडूला शिष्यवृत्तीखेरीज मेहनताना द्यायला एनसीएएची दीर्घकाळ बंदी होती. दुसऱ्या बाजूने टीव्हीच्या हक्कांचा पैसा वाढत होता. ज्या कामगाराला पगारच देता येत नाही, त्याला आपल्याकडे खेचायचं कसं? मग स्पर्धा पगाराऐवजी सोयीसुविधांत होते. खेळाडूच्या हातात न देता येणारा पैसा त्याच्या डोळ्यांसमोर उभा करण्यात आला: काच, संगमरवर, भलामोठा पडदा, चामड्याच्या खुर्च्या. एका कॉलेजने बांधलं की शेजारच्याला त्याहून मोठं बांधावं लागे, कारण दोघांच्या दारात तोच खेळाडू उभा असे.

ज्यांच्याकडे इतका पैसा नाही, ती कॉलेजं या शर्यतीत उतरली तर हरणारच. एखादी जुनी भिंत रंगवून ती क्लेमसनशी बरोबरी करू शकत नाहीत. त्यामुळे त्यांना आधी हे कळावं लागतं की इमारत खेळाडूच्या मनात नेमकं काय काम करते.

दोन दिवसांत जे दिसतं

लग्न जमवताना मुलीकडची माणसं मुलाचं घर पाहायला जातात, तेव्हा काय होतं ते आठवा. कांदेपोहे खाताना त्यांना फ्लॅट दिसतो, फर्निचर दिसतं, दारातली गाडी दिसते. त्यांना खरं तर कळून घ्यायचं असतं ते वेगळंच: माणसं कशी आहेत, आजारपणात पाठीशी उभी राहतील का, मुलीला नोकरी करू देतील का. हे तासाभरात दिसत नाही. म्हणून जे दिसतं त्यावरून न दिसणाऱ्याचा अंदाज बांधला जातो. घर नीटनेटकं असेल तर माणसंही नेटकी असतील, असा मनाचा हिशोब असतो.

कॉलेज पाहायला आलेला सतरा वर्षांचा खेळाडू हेच करतो. संकुल मोठं असेल, तर इथे आपल्या खेळाला किंमत आहे, पुढची चार वर्षं आपली काळजी घेतली जाईल, असं त्याला वाटतं. जिमचं छत गळत असेल, तर तो त्याच तर्काने उलटा निष्कर्ष काढतो. अर्थशास्त्रात अशा दिसणाऱ्या खुणेला "संकेत" म्हणतात. आतली गोष्ट थेट तपासता येत नाही, तेव्हा माणूस बाहेरच्या खुणेवर विसंबतो.

साध्या कॉलेजला संधी मिळते ती इथेच. संकेताची गरज माहिती नसेपर्यंतच असते. आतली गोष्ट थेट दाखवता आली, तर इमारतीचं वजन कमी होतं. मग खेळाडूला नक्की काय जाणून घ्यायचं असतं, ते प्रशिक्षकाला ओळखावं लागतं.

खेळाडूच्या मनातले चार प्रश्न

पहिला प्रश्न: मला खेळायला मिळेल का? बास्केटबॉलचं गणित पाहा. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा आणि कोर्टवर एका वेळी पाच खेळाडू. म्हणजे जादा वेळ धरला नाही तर प्रशिक्षकाकडे वाटायला २०० मिनिटं असतात, श्रीमंत कॉलेजकडेही तेवढीच. अनेक वर्षं पुरुषांच्या संघात १३ जणांना शिष्यवृत्ती देता येत असे. नामवंत संघात ते तेराही जण आपापल्या शाळेचे हिरो असतात, त्यामुळे निम्म्यांच्या वाट्याला बाक येतो. पैसा ओतून इमारत वाढवता येते, ही २०० मिनिटं वाढवता येत नाहीत. "पहिल्या वर्षापासून तू दर सामन्यात २५ मिनिटं खेळशील" हा शब्द लहान कॉलेज देऊ शकतं आणि पाळूही शकतं. मोठ्या कॉलेजला तो देणं अवघड जातं.

दुसरा प्रश्न: इथे माझा खेळ सुधारेल का? याचं उत्तर आधीच्या खेळाडूंत सापडतं. मुलगा आला तेव्हा काय करत होता, चौथ्या वर्षी काय करत होता, हे आकड्यांत दाखवता येतं.

तिसरा प्रश्न: खर्चाचं काय? अर्धवट शिष्यवृत्ती आणि पूर्ण शिष्यवृत्ती यांतला फरक सामान्य घरातल्या मुलासाठी कुठल्याही संकुलापेक्षा मोठा असतो.

चौथा प्रश्न आईवडिलांच्या तोंडी असतो: खेळ संपल्यावर काय? कॉलेजात खेळणाऱ्यांपैकी फार थोडे व्यावसायिक होतात. त्यामुळे पदवी पूर्ण होणार का आणि दुखापत झाली तर शिष्यवृत्ती टिकणार का, हे विचारावंच लागतं.

या चारही प्रश्नांची उत्तरं सिमेंटशिवाय देता येतात. कमी साधनांच्या ज्या कॉलेजांनी मोठं यश मिळवलं, त्यांनी ती उत्तरं तीन वाटांनी दिली.

पहिली वाट: इतरांनी न पाहिलेले खेळाडू

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये टेनेसी स्टेट विद्यापीठ आहे. कृष्णवर्णीयांना इतर दारं बंद होती, त्या काळात त्यांच्या शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या संस्थांपैकी ते एक. एड टेंपल १९५३ ते १९९४ अशी चाळीसहून अधिक वर्षं तिथल्या मुलींच्या धावण्याच्या संघाचे प्रशिक्षक होते. संघाचं नाव "टायगरबेल्स".

सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्याकडे सरावाला मातीचा ट्रॅक होता आणि रेघा टेंपल स्वतः आखत. मुलींना खेळाची शिष्यवृत्ती नव्हती. कॉलेजात रोज दोन तास काम करायचं आणि त्यातून फी भागवायची, अशी सोय होती. स्पर्धेला जाताना गाडीत कोंबून बसायचं आणि जेवण बरोबर न्यायचं, कारण दक्षिणेतल्या वाटेवरच्या बहुतेक हॉटेलांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता.

अशा ठिकाणी देशातल्या सर्वांत वेगवान मुली का आल्या? याचा मोठा भाग त्या काळच्या अन्यायात आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. मुलींच्या धावण्याचा संघ फारच थोड्या कॉलेजांकडे होता. शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करणारा "टायटल नाइन" कायदा आला १९७२ मध्ये. वर्णभेद होताच. त्याच राज्यातल्या सरकारी टेनेसी विद्यापीठात पदवीच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पहिल्यांदा प्रवेश मिळाला तो १९६१ मध्ये. ज्या मुलींकडे कुणी पाहत नव्हतं, त्यांना शोधत टेंपल शाळांच्या स्पर्धांत फिरत. विल्मा रुडॉल्फ त्यांना दिसली ती बास्केटबॉल खेळताना, टेंपल त्या सामन्यात पंच होते. लहानपणी पोलिओ झालेली आणि अनेक वर्षं पायाला आधाराची पट्टी बांधून चाललेली ही मुलगी कोर्टवर कशी पळते, हे त्यांच्या लक्षात आलं.

त्यांचं मुख्य साधन होतं उन्हाळी शिबिर. शाळेत शिकणाऱ्या निवडक मुलींना ते सुट्टीत विद्यापीठात बोलावत. पहाटेपासून दिवसातून तीनदा सराव, वसतिगृहात मुक्काम आणि मोठ्या टायगरबेल्सबरोबर धावणं. जॉर्जियातली वायोमिया टायस शाळेत असताना अशीच आली. शिबिराने काय साधलं ते पाहा. मुलींना प्रशिक्षक कळले, शिस्त कळली, आपल्यासारख्याच घरांतून आलेल्या मुली ऑलिंपिकला जाताना दिसल्या. टेंपलना मुलीचा वेग दिसला आणि थकल्यावर ती कशी वागते तेही. दोन दिवसांच्या भेटीत जे दोन्ही बाजूंना कळत नाही, ते काही आठवड्यांच्या सहवासात उमगे. त्यानंतर मुलीचं मत मातीच्या ट्रॅकवरून ठरत नसे.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ४ बाय १०० मीटर रिलेत अमेरिकेच्या चारही धावपटू याच विद्यापीठाच्या होत्या: मार्था हडसन, ल्युसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स आणि विल्मा रुडॉल्फ. अंतिम शर्यतीत शेवटच्या टप्प्याला बॅटन विल्माच्या हातात नीट बसली नाही आणि आघाडी गेली. तिने जर्मन धावपटूला गाठलं, मागे टाकलं आणि त्या स्पर्धेतलं आपलं तिसरं सुवर्ण घेतलं. वायोमिया टायसने १९६४ आणि १९६८ अशा लागोपाठच्या दोन ऑलिंपिकांत १०० मीटर जिंकली. स्त्री असो वा पुरुष, हे त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. टेंपलच्या हाताखालून ४० ऑलिंपिक खेळाडू गेले, त्यांनी २३ पदकं मिळवली आणि त्यांतली १३ सुवर्ण. त्या ४० पैकी ३९ जणी पदवीधर झाल्या. या शेवटच्या आकड्यात आईवडिलांच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर होतं.

पुढे वर्णभेदाच्या भिंती पडल्या, टायटल नाइन आला आणि श्रीमंत विद्यापीठं याच मुलींच्या दारात उभी राहिली. मुलींसाठी हा मोठा न्याय होता. टेंपल यांच्या कॉलेजचा एकहाती फायदा मात्र त्यामुळे संपला. दुर्लक्षित गुणवत्तेवर उभा असलेला संघ जग त्या गुणवत्तेकडे पाहू लागेपर्यंतच पुढे राहतो. मग नवीन वाट शोधावी लागते.

दुसरी वाट: लांबचे खेळाडू

वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला स्पोकेन शहरात गोंझागा हे जेझुइट विद्यापीठ आहे. १९९९ मध्ये त्यांचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत गेला, तेव्हा घरचं सभागृह सुमारे ४००० प्रेक्षकांचं होतं. त्याच वर्षी मार्क फ्यू मुख्य प्रशिक्षक झाले. अमेरिकेतल्या पहिल्या फळीच्या मुलांसाठी मोठ्या विद्यापीठांशी भांडण्यापेक्षा त्यांच्या चमूने देशाबाहेर पाहिलं. त्यांचे सहायक टॉमी लॉइड स्वतः ऑस्ट्रेलिया आणि जर्मनीत खेळलेले होते, त्यामुळे परदेशी मुलाला काय अडतं ते त्यांना ठाऊक होतं. मार्टिनिक बेटावरून रोनी तुरियाफ आला, पोलंडमधून प्रेमेक कार्नोव्स्की, लिथुआनियाचा डोमांतास साबोनिस, जपानमधून रुई हाचिमुरा.

ही वाट चालते कारण लांबच्या मुलाच्या मनात अमेरिकी कॉलेजांची जुनी उतरंड पक्की नसते. तिथे वाढलेल्या मुलाला नामवंत विद्यापीठाचा टी-शर्ट लहानपणापासून ठाऊक असतो. परक्या देशातला मुलगा विचारतो की मला कोण सांभाळून घेईल आणि माझ्यासारखा कुणी तिथे आधी टिकला का. पहिला टिकला की दुसऱ्याला बोलावणं सोपं होतं. गोंझागाने नवं ६००० आसनांचं सभागृह उघडलं २००४ मध्ये, म्हणजे यशाची सवय लागल्यानंतर. आधी संघ झाला, मग इमारत. २०१७ आणि २०२१ मध्ये ते राष्ट्रीय अंतिम सामन्यात खेळले.

कॅनडाच्या स्टीव्ह नॅशची कथाही याच जातीची. त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकांनी कितीतरी विद्यापीठांना पत्रं धाडली, शिष्यवृत्ती देऊ केली ती कॅलिफोर्नियातल्या छोट्या सांता क्लारा विद्यापीठाने, एकट्याने. १९९३ मध्ये पंधराव्या मानांकनाच्या सांता क्लाराने दुसऱ्या मानांकनाच्या ॲरिझोनाला हरवलं, त्या संघात नॅश होता. पुढे तो एनबीएचा दोनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

ही वाट भारतापर्यंत येते. कनेक्टिकटमधलं ट्रिनिटी हे सुमारे २२०० विद्यार्थ्यांचं कॉलेज तिसऱ्या गटातलं, म्हणजे खेळाची शिष्यवृत्ती द्यायला बंदी. तरी पॉल असाइयांते यांनी भारतासह अनेक देशांतले स्क्वॉशपटू आणले आणि १९९८ ते २०१२ या काळात त्यांचा पुरुष संघ सलग २५२ लढती जिंकला. महाराष्ट्राची टेनिसपटू ऋतुजा भोसले टेक्ससच्या ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली. ते विद्यापीठ साधनांनी श्रीमंत आहे. तिथे शिकून आलेल्या ऋतुजाने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळवलं. पुण्या-मुंबईतल्या टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या मुलांच्या घरांत आता अमेरिकी कॉलेजांची चर्चा होते, म्हणून ही निवड कशी होते हे समजणं आपल्याही उपयोगाचं आहे.

तिसरी वाट: जे निसर्गाने दिलं

काही कॉलेजांकडे इमारत नसते, पण जागाच मोलाची असते. कोलोरॅडोमधलं ॲलमोसा हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही साडेसहाशे मीटर उंच. तिथल्या ॲडम्स स्टेट या छोट्या कॉलेजात जो विहिल १९६५ पासून अनेक वर्षं धावपटू घडवत होते.

उंचीवर हवा विरळ असते, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. शरीराला ही टंचाई जाणवली की मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतात. त्याने तांबड्या रक्तपेशी वाढतात आणि रक्त अधिक ऑक्सिजन वाहून नेतं. लांब पल्ल्याच्या धावपटूला याचा थेट फायदा होतो. विहिल यांनी शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यास केलेला होता आणि हे सगळं ते खेळाडूला समजावून देऊ शकत. १९९२ मध्ये दुसऱ्या गटाच्या राष्ट्रीय क्रॉसकंट्री स्पर्धेत त्यांच्या संघाचे पाच धावपटू पहिल्या पाच क्रमांकांवर आले. या खेळात संघाच्या पहिल्या पाच धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज धरतात, म्हणून १५ हा सर्वांत कमी शक्य आकडा. त्यांनी तोच मिळवला.

आपल्याकडचं असं एक खरं देणं हेरणं आणि ज्या खेळाला त्याचा उपयोग होतो त्याच खेळावर भर देणं, हे या वाटेचं सूत्र. सगळ्याच खेळांत थोडं थोडं करणाऱ्या गरीब कॉलेजला हे साधत नाही.

आणणं वेगळं, टिकवणं वेगळं

सेंट पीटर्सच्या यशाचा शेवट काही दिवसांतच झाला. हॉलोवे स्वतः जिथे शिकले होते त्या सीटन हॉल विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले आणि संघातले बहुतेक प्रमुख खेळाडू दुसऱ्या विद्यापीठांत गेले.

यामागे बदललेले नियम आहेत. २०१८ मध्ये "ट्रान्सफर पोर्टल" सुरू झालं. कॉलेज बदलू इच्छिणारा खेळाडू त्यात नाव घालतो आणि इतर प्रशिक्षक त्याच्याशी बोलू शकतात. २०२१ पासून सगळ्या खेळांत एकदा कॉलेज बदलल्यावर वर्षभर थांबण्याची अट गेली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावातून आणि प्रतिमेतून जाहिरातींचं उत्पन्न घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली. २०२५-२६ साठी एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे २.०५ कोटी डॉलर ठरली.

खेळाडूंच्या दृष्टीने हा बदल रास्त आहे, कारण त्यांच्या घामातून उभा राहिलेला पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचतो. इमारतींकडे वळलेला पैसा आता सरळ खेळाडूकडे जाऊ शकतो, म्हणून संकुलांचं आकर्षणही थोडं घटेल. लहान कॉलेजपुढे मात्र नवं संकट उभं राहतं. त्याने शोधलेला आणि घडवलेला खेळाडू दोन वर्षांनी मोठं कॉलेज घेऊन जातं. "चार वर्षं थांबेन" हे वचन आता खेळाडूकडून मागता येत नाही. त्यामुळे दरवर्षी नवे खेळाडू शोधण्याची यंत्रणा आणि तिथे टिकून राहणारा प्रशिक्षक, ही लहान कॉलेजची खरी मालमत्ता ठरते.

साधेपणाचा उदो उदो नको

एवढं सगळं सांगितल्यावर एक गैरसमज होऊ शकतो की मैदान नसलं तरी चालतं. तसं नाही. सुविधांचे दोन भाग करायला हवेत. एक भाग शरीराचा: पाय घसरणार नाही असा पृष्ठभाग, दुखापत पाहणारा जाणकार, मुलींना सुरक्षित कपडे बदलण्याची खोली, पुरेसं जेवण आणि झोप. यात तडजोड केली तर खेळाडू मोडतो आणि त्याची किंमत तो आयुष्यभर मोजतो. दुसरा भाग देखाव्याचा: काच, पडदे, घसरगुंडी. त्यावाचून अडत नाही. टायगरबेल्सनी मातीवर धावून पदकं आणली म्हणून पुढच्या मुलींना मातीवरच धावू द्यावं, असा अर्थ काढणारा माणूस त्यांच्या कष्टांचा अपमान करतो.

उणीव लपवण्यानेही घात होतो. भेटीच्या दिवशी फक्त चांगली खोली दाखवली, तर मुलगा पहिल्याच आठवड्यात सत्य पाहतो आणि त्यानंतर प्रशिक्षकाचा कुठलाच शब्द त्याला खरा वाटत नाही. जिम जुनी आहे, छताचं काम पुढच्या वर्षी व्हायचं आहे, हे आधीच सांगितलेला खेळाडू त्याच कारणावरून सोडून जात नाही.

चौकट: थोडक्यात

• चकचकीत इमारत हा संकेत असतो. आतली माहिती नसते तेव्हा खेळाडू त्याच्यावर विसंबतो.
• खेळायला मिळणं, खेळ सुधारणं, खर्च भागणं आणि पदवी पूर्ण होणं, या चार गोष्टी खेळाडूला हव्या असतात. त्या इमारतीशिवाय देता येतात.
• इतरांनी न पाहिलेले खेळाडू, लांबचे खेळाडू आणि निसर्गाचं देणं, या साध्या कॉलेजच्या तीन वाटा.
• जास्त काळचा सहवास, उदाहरणार्थ उन्हाळी शिबिर, दोन दिवसांच्या भेटीपेक्षा खरी माहिती देतो.
• दुर्लक्षित गुणवत्तेचा फायदा इतरांनी पाहिलं की संपतो.
• सुरक्षित पृष्ठभाग, उपचार, आहार आणि मुलींसाठी सुरक्षित जागा यांना पर्याय नाही.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा

मुलाला किंवा मुलीला खेळासाठी कॉलेज निवडायचं असेल, मग ते अमेरिकेतलं असो वा इथलं, तर संकुल पाहून झाल्यावर काही प्रश्न विचारा. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या खेळाडूंपैकी आज किती जण इथे आहेत? त्यांच्यातले किती प्रत्यक्ष खेळतात? माझ्या जागेवर सध्या कोण खेळतं आणि ते किती वर्षं आणखी राहणार? शिष्यवृत्ती एका वर्षाची की चार वर्षांची आणि ती लेखी आहे का? दुखापत झाली तर उपचार कोण करतं, खर्च कोण देतं? पदवी किती जण पूर्ण करतात? सध्याच्या खेळाडूंशी प्रशिक्षक नसताना बोलायला मिळेल का?

श्रीमंत कॉलेजकडेही यांची चांगली उत्तरं असू शकतात, तेव्हा तिथे जरूर जावं. साध्या कॉलेजच्या प्रशिक्षकाने हेच प्रश्न स्वतःला आधी विचारावेत आणि उत्तरं कागदावर तयार ठेवावीत, कारण त्याच्या हातात दाखवायला तेवढंच आहे आणि नीट दाखवलं तर ते पुरतं. ज्यांच्या हाती निधी आहे, त्या संस्थाचालकांनीही बांधकामाच्या आराखड्याआधी एक चांगला प्रशिक्षक, एक फिजिओ आणि गावोगावच्या मुलांसाठी एक उन्हाळी शिबिर यांची तरतूद करावी. प्रवेशद्वाराची कमान त्यानंतर बांधावी.